देवकाचे दात

लोकांना वाटतं, बाईचा जबडा लहान असतो म्हणून तिची कवळी बनवायला अवघड जाते. तसं काही नाही. अवघड जाते ती एवढ्यासाठी, की बाई तोंडच उघडत नाही.

मी दात बनवणारा. डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या बालाघाटात, गोंदियाच्या पलीकडे, अजूनही लोक मला रस्त्यात अडवतात, गाल बोटानं ओढतात अन् म्हणतात, भाऊ, ही दाढ पाहा जरा. दाढ पाहणं, काढणं डॉक्टरचं काम. ते तोंडाचं माप घेतात अन् माझ्याकडे देतात. माप म्हणजे काय, तर पळीसारख्या भांड्यात नरम लगदा भरून तो तोंडात दाबायचा, घट्ट झाला की बाहेर काढायचा. त्या खळग्यात मी प्लास्टर ओततो. वाळलं की त्या माणसाचा जबडा माझ्या टेबलावर. मग त्यावर मेणाची गादी, गादीवर एकेक दात उभा करायचा. दात काही आपण घडवत नाही, ते कंपनीचे तयार येतात, पट्टीवर ओळीनं चिकटवलेले, बांगड्यांसारखे नंबरवार. तोंडात लावून पाहिलं, बरं वाटलं, की मेण वितळवून त्याच्या जागी गुलाबी मसाला दाबायचा, उकळत्या पाण्यात पकवायचा, घासून चकचकीत करायचा. झाली कवळी. मी सातवीपर्यंत शाळा शिकलो, ही बाकीची विद्या हातानं शिकलो, अन् सारी उमर एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून तेच केलं.

पुढच्या खोलीत माझी बायको बसायची. देवका.

तिला पगार नव्हता, नोकरीही नव्हती. पण ती नसती तर निम्म्या बाया दारातून परत गेल्या असत्या. कवळी बनवताना एक गोष्ट पाहावी लागते. बाई हसली की ओठ किती वर जातो, दात किती दिसतात. अन् दुसरी, ती दात आवळून धरते तेव्हा खालचा जबडा वरच्यावर नेमका कुठं बसतो. आता परक्या पुरुषासमोर खेड्यातली बाई हसेल का? डॉक्टर म्हणाले, हसा, की पदर तोंडावर. दात आवळा म्हटलं की जबडा वाकडा. देवकानं यावर तोड काढली होती. माझी मेणाची गादी बाईच्या तोंडात बसवून ती डॉक्टरांना अन् मला बाहेर घालवायची अन् समोर स्टुलावर बसायची.

"कोनत्या गावच्या, बाई?"

"लामत्याच्या."

"नवरा जेवन कसा करते तुमचा?"

नवरा जेवण कसा करतो यावर बाई हसायचीच. हसली की देवका तिच्या मेणावर नखानं खूण करायची. मग विचारायची, "अन् जाऊ कशी हाय?" जावेचं नाव काढलं की बाई दात आवळायची, अगदी नेमके आवळायची. दुसरी खूण. नखाच्या त्या दोन खुणांवर मी बसवलेल्या कवळ्या कधी परत आल्या नाहीत.

एक म्हातारी मात्र अशी आली की देवकालाही काही सुचलं नाही. पिशवीतून फडक्यात बांधलेली कवळी काढून टेबलावर ठेवली. म्हणाली, "माह्या सासूची हाय. गेल्या साली सासू वारली. चांगली हाय, वापरलेली कमी. मले बसवून द्या." मी तिला समजावलं की चप्पल अन् कवळी, दोन्ही दुसऱ्याची चालत नाही. ती म्हणाली, "सासूची चप्पलही मीच वापरून राह्यली." देवका आत जाऊन हसून आली. त्या बाईला आम्ही नवी बनवून दिली, पण सासूची कवळी तिनं परत मागून नेली. म्हणे, कामी पडेल.

आता गुडाखूबद्दल. आमच्याकडे सकाळी उठून बाया अंगणात बसतात अन् डबीतून गुडाखू काढून बोटानं दातांवर घासतात. तंबाखू अन् गुळाचा काळा लगदा असतो तो. दात घासण्यासाठी म्हणून घेतात, पण घासणं नावाचंच. थोडी किक लागते, हिरडी बधिर होते, ठणका थांबतो, अन् शेजारणींशी बोलणं होतं. बाईला दिवसात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. देवकाही घासायची. तिला तिच्या आईनं पोरपणी दाढ दुखली तेव्हा लावायला शिकवलं होतं. हिरडीतून रक्त यायचं, तर म्हणायची, "गर्मी हाय आंगात." अन् रक्त येतं म्हणून आणखी घासायची. जुन्या डॉक्टरांनंतर दवाखान्यात आलेली डॉक्टरीणबाई तिला बोलायची. "आंटी, आप यहाँ बैठकर सबको समझाती हो, और खुद?" देवका म्हणायची, "समजावनं माहं काम हाय, बाई. आयकनं त्याईचं." दात दाखवायला मात्र ती त्या खुर्चीवर कधी बसली नाही.

मग तिला दम लागायला लागला. आधी पाण्याची बादली उचलताना, मग दवाखान्याच्या दोन पायऱ्या चढताना. मी म्हटलं, दाखवू. ती म्हणाली, गॅस झाला. छातीत फडफड होते म्हणाली, तेही गॅसमुळेच. बायांचं असंच असतं. पुरुषाच्या छातीत जरा कळ आली तर सारं घर गोळा होतं, बाईचं हृदय बंद पडायला आलं तरी ती ओवा खाते. शेवटी झोपता येईना. भिंतीला उशी लावून बसून झोपायला लागली, तेव्हा आमची पोरगी रंजू गोंदियाहून आली अन् आईला ओढतच नागपूरला घेऊन गेली. मी सोबत.

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी मशीन लावून पाहिलं. म्हणाले, हृदयाची एक झडप आखडली आहे. रक्त पुढं जायची वाट बारीक झाली आहे. विचारलं, लहानपणी ताप येऊन सांधे धरले होते का? देवका म्हणाली, "हौ. आईनं एरंडाचा पाला बांधलता." डॉक्टर म्हणाले, तेव्हाच झडपेला लागलं, इतकी वर्षं चाललं, आता नवी बसवावी लागेल. मी म्हटलं, बसवा. ते म्हणाले, बसवू, पण आधी दात दाखवून या.

मला वाटलं, हे आम्हाला टोलवून राहिले. मी साफ बोललो. "साहेब, दुखनं छातीचं हाय. दाताचं आमाले शिकवू नका, माहा धंदाच तो हाय."

डॉक्टर रागावले नाहीत. देवकाला म्हणाले, आ करा. मी बाहेर जात होतो, मला थांबवलं. हातमोजा घालून तिची वरची हिरडी दाबली. पांढरा पू आला. मला म्हणाले, "काका, हे दिसतंय ना? हे नुसतं तोंडात राहत नाही. चावताना, घासताना यातले जंतू रक्तात जातात. धडधाकट माणसाचं रक्त त्यांना मारतं. पण यांची झडप खराब आहे. जंतूला बसायला तिथं जागा मिळते. मी नवी झडप बसवली अन् हे असंच ठेवलं, तर ते नव्या झडपेवर घर करतील. मग मी काही करू शकणार नाही."

सारी उमर तोंडाच्या धंद्यात काढली, पण तोंड म्हणजे माझ्यासाठी प्लास्टर होतं. प्लास्टरमधून रक्त वाहत नाही. पुढं आमच्या डॉक्टरीणबाईनं आणखी समजावलं. म्हणाली, ज्यांच्या हिरड्या सडलेल्या असतात त्यांच्यात हृदयाचे दुसरे आजारही जास्त दिसतात. काय कशामुळे होतं हे मोठे लोक अजून तपासूनच राहिले आहेत, पुरतं ठरलेलं नाही. पण खराब झडप अन् सडकी हिरडी एका शरीरात ठेवायची नाही, यात दोन मतं नाहीत. देवकाचे खालचे बरेचसे दात साफ करून वाचतील. वरचे सारे हलत होते. "काकाजी, ऊपर के सब निकालने पड़ेंगे."

देवका म्हणाली, "नाई."

मला वाटलं भीती आहे. आमच्याकडे लोक म्हणतात, वरचा दात काढला की डोळे जातात. मी म्हटलं, किती जणांचे काढले, कोणाचे डोळे गेले?

"डोयाचं नाई म्हनत मी. कवळी घालायची नाई मले."

"काहून?"

"तुमी मांगच्या खोलीत बसता. तुमाले काय मालूम? मी पुढं बसते. बाई कवळी घालून आरसा पाह्यते ना, तिचं तोंड मी पाह्यलं हाय. ती स्वतःलेच ओयखत नाई. घरी गेली तर नातू जवळ येत नाई. बैहरमधून आली का बिरशातून, सगळ्याईचे दात एकसारखे. अर्ध्या जिल्ह्याच्या बाया एकाच मायच्या पोरी दिसतात तुमच्या हातून."

हे मला कोणी कधी बोललं नव्हतं. मी उलट बोललो, "मरशील मंग."

"मरीन. माह्या तोंडानं मरीन."

रंजूनं रडून पाहिलं. माझ्या साल्यानं येऊन शिव्या दिल्या. देवका बसून झोपायची अन् सकाळी अंगणात बसून गुडाखू घासायची. पायावर सूज यायला लागली होती. नागपूरहून फोन आला, किती दिवस थांबायचं? मी काय सांगणार? बाईला खुर्चीवर बांधून दात काढता येत नाहीत.

एक गोष्ट तिनं कबूल केली. माप घेऊ दिलं. म्हणाली, "घेऊन ठेवा. तुमचं मन राहीन."

त्या मापातून मी दोन साचे ओतले. आमच्या धंद्यात एक रीत आहे. दात तोंडातच असताना आधी कवळी तयार करून ठेवायची. ज्या दिवशी दात निघाले त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर ती बसवायची. बाई दात घेऊन आली, दात घेऊनच गेली. मधे बोळकं तोंड कोणाला दिसत नाही. काम जोखमीचं आहे, कारण लावून पाहायची सोय नाही. त्यासाठी प्लास्टरचे दात पातीनं कापून काढायचे अन् त्यांच्या जागी नवे बसवायचे. मी एका साच्यावरचे सारे दात एकदम कापले. माझ्याकडच्या सगळ्यात भारी पट्टीतले दात काढले अन् मेणावर लावले. सरळ, पांढरे, नवरीसारखे. मनात म्हटलं, हिला आता नाही कसं म्हणता येईल पाहतो.

दुपारी ती चहा घेऊन मागच्या खोलीत आली. मी साचा तिच्यापुढे धरला. तिनं पाहिला. डोळे बारीक करून पाहिला.

"ही कोन बाई हाय?"

"तू हाय."

"मी नाई. ही हिरोइन हाय. हिले वागवा तुमी." अन् चहा ठेवून निघून गेली.

मी दुसरा साचा हातात घेतला. हा अजून कापलेला नव्हता. त्यात तिचे दात जसे होते तसे होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोचे दात मी नीट पाहिले नव्हते. परक्या बायांच्या जबड्यावर भिंग लावून बसायचो. डाव्या बाजूचा पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला. मधे फट. उजवा सुळा झिजून आखूड झालेला, कारण ती सुपारी त्याच बाजूनं फोडायची. मी पाहत बसलो.

मग एक दात कापला. सगळे नाही, एकच. त्याच्या जागी पट्टीतला दात घासून, त्याच्यासारखा करून, तेवढाच तिरपा बसवला. मग पुढचा. शेजारचा दात जुना असला की नवा कुठं चुकला ते दिसतं. चढलेल्या दाताला मी तीन दात वाया घालवले. प्लास्टरचाच दात आहे, तरी पाती लावताना हात जड व्हायचा. शेवटी रंगाचं. पांढरे दात तिला कधीच नव्हते. मी कडेकडेनं तपकिरी रंग भरला, बारीक ब्रशनं, गुडाखूचा डाग असतो तसा. लोकांचे दात पांढरे करून दिले, अन् बायकोचे काळे करत बसलो होतो.

झाल्यावर साचा घरी नेऊन चुलीजवळच्या फळीवर ठेवला. ती भाजी चिरत होती. उठली, हात पुसले, साचा उचलून उजेडाकडे धरला. गंज वेळ, बराच वेळ पाहिलं. चढलेल्या दातावरून बोट फिरवलं.

"फट जरा मोठी केली तुमी."

"फट तेवढीच हाय. मापानं केली."

"मले वाटे बारीक हाय." मग साचा खाली ठेवला. "डॉक्टरीनबाईले इचारा, कधी येऊ म्हना. पन कोनाले कळलं नाई पाह्यजे. कांताले तर नाईच नाई." कांता म्हणजे आमची शेजारीण. सकाळच्या अंगणातली मुख्य.

दात एकदम काढले नाहीत. हृदयाचा पेशंट म्हणून प्रत्येक वेळी आधी औषध द्यायचं, मग थोडे काढायचे. मागच्या दाढा आधी, त्या जखमा भरल्यावर पुन्हा माप, त्यावर मी तेच दात बसवून पक्की कवळी केली, पुढचे दात शेवटी. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईनं कवळी दाबून बसवली अन् मला आत बोलावलं. देवकाचा ओठ सुजला होता, बोलता येत नव्हतं. आरसा घेतला. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. नवी कवळी घातलेली बाई आरशात पाहते तेव्हा तिचं तोंड कसं होतं, हे मी पहिल्यांदा पाहायला उभा होतो. तिनं आरसा उलटा करून मांडीवर ठेवला अन् मला हातानं विचारलं, डबा आणला का? भूक लागली होती तिला. पेज आणली होती, ती पाजली.

हिरड्या भरल्यावर नागपूरला झडप बसली. त्यानंतर देवका पायऱ्या चढायची, आडवी झोपायची, रंजूच्या पोराच्या मागं पळायची. रक्त पातळ करायची गोळी रोज, अन् तोंडाची साफसफाई डॉक्टरीणबाईच्या धाकानं. हिरडी बसत गेली तशी कवळी मी आतून भरून देत होतो.

गुडाखू तिनं सोडला. पण अंगण सोडलं नाही. सोडलं असतं तर कांतानं विचारलं असतं. म्हणून त्याच डबीत मी तिला साधं काळं मंजन भरून द्यायचो. सकाळी ती बायांमध्ये बसायची, डबी उघडायची, बोट काळं करायची अन् माझ्या बनवलेल्या दातांवर फिरवायची. मी खिडकीतून पाहायचो अन् मला हसू यायचं. ते हसू आता जड जातं.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. सकाळी अंगणातून आत आली, म्हणाली, पडते जराशी, अन् पडली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झडप चांगली होती, हृदयच थकलेलं होतं. चांगली झडप मिळूनही माणूस जातं, हे मला अजून पटत नाही. पण झडपेनं तिला जी वर्षं दिली ती माझ्याजवळ आहेत, त्याबद्दल मी कोणाशी भांडत नाही.

बायांनी आंघोळ घातली. मी ओसरीत बसलो होतो, आतलं बोलणं ऐकू येत होतं. कांता रडत रडत म्हणत होती, "पाहा माय, दात कसे हाय. एक पडला नाई. या वयात कोनाचे राह्यते?"

दुसरी म्हणाली, "रोज घासे ना बाई. एक दिवस चुकली नाई. गुडाखूचे दात पक्के असते."

"हौ. डॉक्टर लोक उगाच भेव दाखवते. मले रगत येते तर म्हनते सोड. देवकाबाईनं सोडला का?"

कोणाला सांगणार नाही, असा देवकाला शब्द दिला होता. शब्द देताना समोरची बाई जिवंत होती अन् मला तिचा जीव पाहिजे होता. आता आत एक बाई रक्त येणाऱ्या हिरडीवर तंबाखू घासायला माझ्या देवकाची साक्ष काढत होती. मी उठून दारात गेलो.

"कांताबाई, ते दात तिचे नाई. माह्या हातचे हाय. वरचे सारे काढले होते. हिरडी सडली होती, त्याच्यापाई तिच्या हृदयाचं ऑपरेशन अडलं होतं. डबीत मंजन होतं."

एका म्हातारीनं म्हटलं, "मेल्यावर बाईची अशी अब्रू काढते का, बाप्पा?" रंजू मला हाताला धरून बाहेर घेऊन आली. "बाबा, आईनं मना केलं होतं ना. आज बोलायची जरूरत होती का?"

मी म्हटलं, "हौ, मना केलं होतं."

तिच्यासोबत दात गेले. काढू का, असं मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं.

तेरवी झाल्यावर कांता मागच्या दारानं आली. अंगणात बाया बसल्या होत्या, तिकडून नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढून उभी राहिली.

"भाऊजी, मले गंज दिवसापासून रगत येते. आता दमही लागते. त्या डॉक्टरीनबाईकडे न्या मले. नागपूर म्हनन तर नागपूरले जाईन. पन कोनाले सांगू नका."

मी तिला नेलं. हिरडीचं काम डॉक्टरीणबाईनं सुरू केलं अन् दमासाठी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं काय निघालं ते मी सांगणार नाही, तिला शब्द दिला आहे. तिचं नाव कांता नाही. ती आमच्या शेजारी राहते की दोन गल्ल्या सोडून, तेही शोधत बसू नका.

देवकाचं नाव देवकाच होतं.